आहाराचा तक्ता कुठे अडला: इंदूरमधल्या एका मराठी घराचा प्रकरण अभ्यास

घर पाच जणांचं, लोकमान्यनगर-राजेंद्रनगर या पट्ट्यातलं. वडील ५१ वर्षांचे, वजन ७५ किलो, बसून करायची नोकरी. आई ४७, शाळेत शिकवतात. आजी ७४. मुलगा २१, मुलगी १५. (हे घर अभ्यासासाठी रचलेलं आहे, कोणा एका कुटुंबाचं नाही. इथल्या सवयी मात्र इंदूरच्या मराठी घरांत ओळखीच्या वाटतील.) दिवाळीनंतरच्या तपासणीत वडिलांचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, टक्क्यांत मोजायची तपासणी) ६.३ आलं. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. औषध सुरू झालं नाही. आहाराचा छापील तक्ता मिळाला आणि तो आईंच्या हातात गेला. सतरा दिवस तो फ्रिजच्या दारावर होता.

तक्ता चुकीचा होता असं नाही. सकाळी ओट्स, दुपारी दोन पोळ्या, एक वाटी डाळ, एक वाटी भाजी, संध्याकाळी फळ, रात्री ब्राऊन राईस, स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. यातला एकही पदार्थ अपायकारक नाही, आणि यातला एकही पदार्थ ज्या क्षणी खाण्याचा निर्णय होतो त्या क्षणी वडिलांच्या समोर नसतो. साधी गोष्ट ‘वाटी’ची. तक्त्यांत बहुधा १५० मिलीची वाटी गृहीत धरलेली असते. या घरातल्या वाट्या पाण्याने मोजल्या तेव्हा आजीची निघाली ११० मिलीची आणि वडिलांची, लग्नातल्या आहेराची, २१० मिलीची. म्हणजे तक्ता काटेकोर पाळूनही वडिलांचा भात जवळजवळ दीडपट होत होता.

नोंद कशी केली

खाण्यामागची कारणं विचारायची प्रश्नावली उपलब्ध आहे. १९९५ साली स्टेप्टो, पोलार्ड आणि वॉर्डल यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत ३६ विधानं आणि नऊ घटक आहेत: आरोग्य, मनःस्थिती, सोय, चव-वास-रूप, नैसर्गिकपणा, किंमत, वजनावर ताबा, ओळखीचं असणं आणि नैतिक विचार. यादी चांगली आहे, पण एकट्या माणसाला विचारली की तो शोभेल ते कारण सांगतो. वडिलांनी ‘आरोग्य’ पहिलं लिहिलं आणि ‘सोय’ सातवी. त्यामुळे प्रश्नावली बाजूला ठेवून सात दिवसांची वही केली. वहीत ‘का खाल्लं’ हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. रकाने सहा होते: वेळ, जागा, सोबत कोण, काय आणि किती, त्या वेळी हाताशी दुसरं काय होतं, आणि हा पदार्थ घरात किंवा समोर कोणी आणला. खाल्ल्यापासून १५ मिनिटांत लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की टपरीवरचे दोन घास आणि चहासोबतचं बिस्किट हमखास गळतं. शिवाय तेलाच्या डब्यावर आणि नमकीनच्या पाकिटावर फोडल्याची तारीख मार्करने घातली. हे दुसरं काम वहीपेक्षा जास्त उपयोगी ठरलं.

कारण पहिले दोन दिवस वहीत सेव कुठेच नव्हती. कोणी लपवली नव्हती. इंदुरात सेव पोह्यांवर पडते, वरणभातावर पडते, दह्यावर, भेळीवर, टोमॅटोच्या भाजीतही पडते. जिऱ्याची पूड किंवा जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) कोणी वेगळं लिहितं का? तशीच सेव. इथे ती पदार्थांत धरली जात नाही, मसाल्यात धरली जाते. (महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ‘शेव’ म्हणतो आणि चहाबरोबर वेगळी मागतो, तिथेच तो ओळखू येतो.) तारखेवरून कळलं की एक किलोचं पाकीट आठ दिवसांत संपतं. म्हणजे रोज १२५ ग्रॅम, माणशी २५. सेव १०० ग्रॅमला साधारण ५५० किलोकॅलरी देते, तेव्हा माणशी रोज १३५ च्या आसपास, आणि त्यात आठ-नऊ ग्रॅम तेल जे स्वयंपाकघराच्या हिशोबात येतच नाही. मिठाचं वेगळंच.

वडिलांच्या सात दिवसांच्या नोंदी ४६. त्यांतल्या ताट किंवा डबा समोर घेऊन खाल्लेल्या १६. बाकीच्या ३०: बागेतून येताना टपरी, ऑफिसातला चहा, कोणाच्या वाढदिवसाचा पेढा, घरी आल्यावर उभ्या उभ्या मूठभर, मुलाने मागवलेल्यातला एक तुकडा. तक्ता बोलत होता तो १६ नोंदींबद्दल.

दाराशी कोण उभं आहे

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घरगुती खाण्याचा अभ्यास केला. १९४३ मध्ये मांडलेला त्याचा मुद्दा असा: ताटात पडलेलं माणसं खातात, म्हणून ताटात काय पडेल हे कोण ठरवतं ते शोधा. अन्न टेबलापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येतं आणि प्रत्येक वाटेच्या दाराशी कोणीतरी राखणदार असतो. त्याच्या काळात बहुतेक दारांशी गृहिणी होती.

या घरात चार वाटा निघाल्या. भाजी, धान्य, दूध आईंच्या हातात. नमकीन आणि गोड वडील ऑफिसातून येताना आणतात, यादीशिवाय. मोबाईलवरून येणारं सगळं मुलाचं. आणि उपासाचं पंचांग आजीचं. तक्ता ज्यांच्या हाती दिला त्या आई एकाच दाराशी होत्या, आणि ते दार आधीच बरं चाललं होतं. बाकीच्या तीन दारांतून येणाऱ्या गोष्टींचा दोषही त्यांच्याच माथी येत होता. अशा घरांत आहार-सल्ला बाईला देऊन मोकळं व्हायची जी रीत आहे, तिचं अपयश इथेच असतं.

लेविनचा आणखी एक प्रयोग इथे कामाचा आहे. न आवडणारे मांसाचे भाग, हृदय, मूत्रपिंड वगैरे, घरी शिजवले जावेत म्हणून काही महिलांना व्याख्यान दिलं आणि काहींना आपसांत चर्चा करून स्वतः ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांनी पूर्वी कधी न वाढलेला भाग घरी वाढला, चर्चा करून ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता आणि काळ टंचाईचा, तरी फरक दुर्लक्षावा एवढा किरकोळ नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत नवा तक्ता दिलाच नाही. वही पाच जणांसमोर उघडी ठेवली आणि प्रत्येकाने फक्त आपल्या दारापुरतं काय करायचं ते ठरवलं.

आधी काय सोडायचं नाही ते ठरलं

सराफा, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणारा इंदूरचा सोनारबाजार, वगळला. महिन्यातून दोनदा, बहुधा पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की, सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), खोबऱ्याचे पॅटिस होतात. रात्री उशिरा, तळलेलं, गोड, सगळं खरं. पण महिन्यात दोन वेळा म्हणजे शंभराहून जास्त खाण्यांतली दोन, आणि त्यावर माणसांचा जीव. तिथे ताकद घालवण्यात अर्थ नाही. हाच नियम बाफल्याला, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला. दाल-बाफल्याचं जेवण आलं तर बाफला कुस्करून तुपाच्या पातेल्यात बुडवण्याऐवजी वरून चमच्याने तूप घालायचं, एवढंच. गरम, भेगा पडलेला बाफला किती तूप ओढतो हे वजनकाट्यावर आधी-नंतर ठेवून एकदा पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ज्या गोष्टी रोज होतात आणि नसल्या तर कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही, त्या आधी. आवड आणि सवय यांची फोड करायला सोपी चाचणी आहे: डबा तीन दिवस टेबलावरून हलवायचा, कोणाला काही सांगायचं नाही, आणि कोण कोणत्या वेळी मागतं ते लिहायचं. सेवचा डबा हलवल्यावर मुलीने पहिल्याच दिवशी मागितला. आजींनी मागितलाच नाही, त्यांना दातांचा त्रास असल्याने बहुधा सुटकाच वाटली. वडिलांनी दुपारच्या डब्याला आणि रात्रीच्या वरणभाताला एकदाही नाव काढलं नाही, संध्याकाळच्या चहाला मात्र तिन्ही दिवस विचारलं. म्हणजे जेवणातली सेव सवय, चहाची सेव आवड. काढायची ती जेवणातली.

डबा वरच्या फडताळात गेला, टेबलावर पाच ग्रॅमचा छोटा चमचा आणि २०० ग्रॅमची बरणी राहिली. इथे एक चूक झाली. एक किलोऐवजी २०० ग्रॅमची पाकिटं आणायची असं ठरलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात मुलगा किलोचं पाकीट घेऊन आला, कारण ते स्वस्त पडतं. त्याचं बरोबर होतं. किंमत हा घटक असा शहाणपणाच्या वेषात येतो. शेवटी किलोचंच पाकीट आणायचं, घरी आल्या आल्या पाच बरण्यांत भरायचं, चार बरण्या माळ्यावर, असं झालं. रोजची १२५ ग्रॅमवरून साधारण ५५ वर आली, त्यात निम्मा वाटा मुलीचा.

टपरी

हा भाग सगळ्यात अवघड होता. वडील सकाळी सहाला बागेत जातात, चार किलोमीटर चालतात. ७५ किलोच्या माणसाचे त्यात २०० ते २२० किलोकॅलरी खर्च होतात. सात वाजता पाच मित्र टपरीवर, आठवड्यातून चार दिवस. एक प्लेट पोहे, वर सेव, सोबत ५० ग्रॅम जलेबी, चहात दोन चमचे साखर. (घरात लग्नाच्या पंगतीत ‘जिलबी’ म्हणणारी माणसंही टपरीवर ‘जलेबी’च म्हणतात. एक गोडाधोडाचं पक्वान्न, दुसरी रोजचा नाश्ता. दोन शब्द आहेत म्हणून दोन हिशोब.) सगळं मिळून साडेपाचशे ते सहाशे. फिरण्यात खर्च झालेलं फिरून येतानाच दुपटीहून जास्त परत.

इंदुरी पोहे हे घरच्या कांदेपोह्यांपेक्षा तेलाला हलके असतात हे मान्य करायला हवं. धुतलेले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, फोडणीत बडीशेप, कांदा वरून कच्चा. तेल वाढतं ते सेवमुळे, साखर वाढते ती जलेबीमुळे.

पहिला उपाय फसला. वडिलांनी खिशात फुटाणे न्यायचे ठरवलं. तिसऱ्या दिवशी फुटाणे बागेतच संपवले आणि टपरीवर पोहे घेतले. चार जण खात असताना एकाने न खाणं तिथे पथ्य वाटत नाही, मित्रांपासून वेगळं होणं वाटतं. कोणी टोमणा मारला नव्हता तरी प्रत्येकाने एकेक घास पुढे केला.

मग वहीतली एक बारीक गोष्ट लक्षात आली. तिथे प्रत्येक जण आपापलं मागत नाही. जो आधी पोचतो तो सगळ्यांचं सांगतो: “पाँच पोहे, पाव किलो जलेबी.” खाणाऱ्याच्या आवडीचा तिथे संबंधच नाही, आधी पोचणाऱ्याचा आहे. वडील दहा मिनिटं आधी फिरायला निघू लागले आणि सांगू लागले, “पाँच उसळ पोहे, सेव अलग से, जलेबी सौ ग्राम.” वाट्याला २० ग्रॅम जलेबी. उसळ-पोहे हा इंदूरचाच प्रकार, त्यामुळे कोणाला पथ्याचा वास आला नाही, आणि मटकीमुळे पोट दुपारपर्यंत टिकलं. सांभाळायचं एकच: उसळीवरची लाल तर्री म्हणजे तेलाचा थर, तेव्हा डाव तळातून घालायला सांगायचा. मित्रांतल्या एकाला पहिल्या आठवड्यात जलेबी कमी पडली. तो स्वतःसाठी वेगळी घेऊ लागला, इतरांनी घेतली नाही.

घरच्या तीन सकाळींसाठी आईंनी तोच नमुना उचलला. माणशी ५० ग्रॅम जाड पोहे, ३० ग्रॅम मोड आलेली मटकी आधी वाफवलेली, १० ग्रॅम दाणे, एक चहाचा चमचा तेल. पोहे चाळणीत धुऊन १० मिनिटं निथळत ठेवायचे, हळद-मीठ-चिमूटभर साखर लावून फोडणीत परतायचे, मग चाळणीसकट उकळत्या पाण्यावर सात-आठ मिनिटं. झाकणाला फडकं बांधलं नाही तर वाफेचं पाणी ठिबकून मधे लगदा होतो. पहिल्या दिवशी झालाच. पोहे पाण्यात भिजत ठेवले तरी तेच होतं. हे धुण्याचं काम आहे, भिजवण्याचं नाही.

ताट आणि तेल

रात्रीच्या जेवणात दोन बदल. पहिला डाळीचा. पाच जणांना ९० ग्रॅम तूरडाळ लागत होती, आमटी पातळ आणि भात भरपूर. डाळ १५० ग्रॅम केली, माणशी ३०. आमटी दाट झाली तेव्हा गोडा मसाला आणि गूळ त्या मानाने वाढवला नाही म्हणून दोन दिवस बेचव लागली. मसाला वाढवला, गूळ होता तेवढाच ठेवला.

दुसरा बदल क्रमाचा. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट (भात-पोळी) शेवटी खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण मराठी ताट सुरू होतं वरणभाताने. आजींनी स्पष्ट सांगितलं, पहिला भात पहिलाच. इथे वाद घालणं चूक ठरलं असतं, कारण परक्या प्रांतात चार पिढ्या काढलेल्या घरात ताटाची मांडणी हीच भाषेइतकी ओळख असते. तोड अशी निघाली: पहिल्या भाताची मूद लहान, दोन-तीन घासांची, वर तूप-लिंबू, अगदी रीतसर. मग कोशिंबीर, उसळ, भाजी-पोळी. उरलेला भात शेवटी, तोही २१० ऐवजी ११० मिलीच्या वाटीने.

तेलाचा हिशोब महिन्याचा करावा, रोजचा चुकतो. माळव्यात सोयाबीन पिकतं, सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ मध्ये इंदुरातच उभं राहिलं, आणि इथल्या स्वयंपाकघरात सोयाबीन तेल इतकं रुळलंय की ‘तेल’ म्हणजे तेच. ऑलिव्ह तेल सतराव्या दिवशी संपलं आणि पुन्हा आलं नाही, यात आश्चर्य नाही. महिन्याला पाच लिटर सोयाबीन तेल, उपासाला एक लिटर शेंगदाण्याचं, एक किलो तूप: वजनाने सुमारे साडेसहा किलो, म्हणजे माणशी रोज ४३ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहाराला स्वयंपाकातलं आणि वरून घातलेलं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. पाच जणांचे आठवड्याचे होतात ९४५ ग्रॅम. म्हणून दर रविवारी एका बाटलीत ९०० मिली तेल आणि छोट्या डब्यात १०० ग्रॅम तूप काढून ठेवायचं, मोठा डबा हात न पोचेल असा.

पहिल्या आठवड्यात बाटली गुरुवारीच रिकामी. मंगळवारी भजी झाली होती, कढईत ४०० मिली ओतलं, उरलेलं गाळून दुसऱ्या भांड्यात ठेवलं आणि फोडणीला नवंच वापरलं. तळणाचं उरलेलं तेल दोन दिवसांत फोडणीत संपवायचं आणि ते बाटलीच्याच मापात धरायचं, हे ठरल्यावर गणित बसलं. काळपट झालं किंवा तापवताना फेस आला तर मात्र टाकायचं. बारा आठवड्यांनी सरासरी ३१-३२ ग्रॅमवर थांबली. २७ पर्यंत गेली नाही.

उपास

एकादशी आणि संकष्टीला आजी आणि आई उपास करतात. वडील करत नाहीत, पण खिचडी खातात. वहीत त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दुपारी नेहमीचा डबा अशा दोन पूर्ण नोंदी होत्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट: कोरड्या १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. आजींच्या उपासाला हात लावायचा प्रश्न नव्हता. वडिलांना निवड दिली: खिचडी हवी तर तो नाश्ता नसून जेवण, मग त्या दिवशी डब्यात पोळी-भात नाही, उसळ आणि ताक. त्यांनी पहिल्या एकादशीला खिचडी निवडली, नंतर वाटीभर चाखण्यावर आले. साखरेची औषधं किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने अशी अदलाबदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जेवणातलं पिष्ट अचानक घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर फार खाली जाऊ शकते.

मुलाच्या मोबाईलचं दार फारसं हललं नाही. रात्री साडेदहानंतर मागवलेलं वडिलांना विचारायचं नाही, एवढंच त्याने कबूल केलं आणि बहुतेक पाळलं.

तपासणी बारा आठवड्यांनी केली, कारण तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं आणि एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. महिन्याभरात केली असती तर बदल अर्धवट दिसला असता. आकडा ६.० आला, वजन ७३. संक्रांतीचा तिळगूळ आणि दोन लग्नं या काळात होऊन गेली. वडील दहा मिनिटं आधी निघू लागल्यामुळे चालणंही वाढलं होतं, तेव्हा यात जलेबीचा वाटा किती, तेलाचा किती, पायांचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात वही पुन्हा सात दिवस भरली. या वेळी सेव पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ओळीत आहे, मुलीच्या अक्षरात, ग्रॅमसकट. रविवारच्या टपरीच्या नोंदीत जलेबीपुढे वडिलांनी ‘५०’ लिहून खोडलंय, ‘२०’ केलंय, तेही खोडलंय आणि शेजारी पुन्हा ‘५०’ लिहिलंय.